कारणाचा रकाना

आमच्या आठ इमारतींत मिळून अकरा लिफ्ट आहेत आणि त्यांतल्या नऊ चालतात, असं मी गेली बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. बंद असलेल्या दोन कुठल्या, ते मात्र दर महिन्याला बदलतं. हे नीट ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे खोल्यांच्या वाटपाच्या खिडकीमागे बसणाऱ्या ताई. दर मंगळवारी त्या माझ्याकडे यायच्या आणि विचारायच्या, "मेकॅनिक, या महिन्यात कुठली रुसणार आहे?"

"ताई, मी काय ज्योतिषी आहे?"

"ज्योतिषी चुकतात. तुम्ही चुकत नाही, कारण बिघडवताही तुम्हीच." आणि मी सांगेन ते इमारतींचे नंबर त्या छोट्या वहीत उतरवून घ्यायच्या.

आमची संस्था खोल्या भाड्याने देते. एक खोली, एक ओटा, मोरी आणि पुढे सामाईक गॅलरी. भाडं कमी, म्हणून मागणी जास्त, म्हणून दर महिन्याला यादी. कोणाला खोली द्यायची आणि कोणाचा अर्ज पुढच्या यादीत ढकलायचा, हे सव्वीस वर्षं ताईंनी एकटीने ठरवलं. खिडकीबाहेर लोक त्यांच्या नावाने बोटं मोडायचे, तेही मी ऐकलंय. त्यातही एकटी माणसं फार. कारण अर्जात "कुटुंबातील माणसे" या प्रश्नापुढे एकचा आकडा दिसला की ताई तो अर्ज हमखास मागे ठेवायच्या. एकदा, दोनदा, कधी तीनदासुद्धा. त्यावर "पुढील यादीत" असा शिक्का बसायचा. शिक्क्याशेजारी कारणाचा रकाना होता, तो कोराच असायचा.

सुरुवातीला मीही त्यांना खडूस समजत होतो. स्वतः एकटी बाई आणि एकट्यांच्याच मुळावर उठलीय, असं बायकोपाशी बोललो होतो. मग एकदा पाच नंबरच्या इमारतीत लिफ्ट अडकली आणि आत ताई. मी वरून हँडल फिरवतोय आणि खाली त्या, असा आमचा पाऊण तास गेला. तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी दोन एकट्या माणसांना शेजारशेजारच्या खोल्या दिल्या होत्या. दोघेही निवृत्त, दोघेही मानी. एकमेकांना सोबत होईल असं वाटलं होतं. त्यातला एक आजारी पडला आणि उठेना. दुसऱ्याला भिंतीपलीकडे दोन दिवस सारखा रेडिओ ऐकू येत होता. त्याला वाटलं, आवड असेल, आपण कशाला मध्ये पडा. तिसऱ्या दिवशी दार फोडावं लागलं.

"तेव्हापासून एकट्याशेजारी एकटा द्यायचा नाही," ताई लिफ्टमधून म्हणाल्या. "आधी शेजार बघायचा, मग खोली."

शेजार बघणं म्हणजे काय, ते मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. ताई इमारती पालथ्या घालायच्या. कोणाच्या घरात माणसं भरपूर आहेत, कोणाचं दार दिवसभर उघडं असतं, जिन्यात पाऊल वाजलं की कोण डोकावतं. असा एखादा भोचक शेजारी सापडला, त्याच्या लगतची खोली रिकामी झाली आणि तिथली लिफ्ट मी बरी म्हटली, की मग ताई यादीची वाट बघत नसत. त्याच दिवशी अर्जदाराला फोन करायचा, चाव्यांच्या रजिस्टरात सही घ्यायची आणि किल्ली हातात ठेवायची. मागे ठेवलेला एकही माणूस त्यांनी शेवटपर्यंत मागे राहू दिला नाही. पण हे चाव्यांच्या रजिस्टराला ठाऊक, आणि मला.

"मग हे त्या रकान्यात लिहीत का नाही?" लिफ्ट अडकली त्याच दिवशी मी वरून विचारलं होतं. "लोक उगाच शिव्या घालतात."

"अर्जाची एक प्रत त्या माणसाच्या घरी जाते, मेकॅनिक. तिच्यावर काय लिहू? याला विचारणारं कोणी नाही, असं?"

मी हँडल फिरवत राहिलो.

ताई निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत ती खिडकी बंद झाली. वाटपाचं काम संगणकाकडे गेलं. फलकावर कागद लागला की गेल्या सव्वीस वर्षांचे सगळे अर्ज स्कॅन करून नव्या यंत्रणेला शिकवले आहेत, त्यामुळे यापुढे यादी अनुभवी हाताने केल्यासारखीच, पण निःपक्षपाती आणि झटपट होईल. ताईंनी चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला. "अनुभवी हात म्हणजे मीच की हो," त्या मला म्हणाल्या आणि चक्क लाजल्या. चार दिवस त्यांची चालही बदलली होती.

ते चार दिवस सोडले तर निवृत्तीनंतर त्यांचं बरं चाललं नव्हतं. आम्ही एकाच मजल्यावर राहतो. चौतीस नंबरमध्ये ताई, छत्तीसमध्ये आम्ही पाच जणं, आणि मधली पस्तीस नंबरची खोली तेव्हा नुकतीच रिकामी झालेली. ताई रोज सकाळी दहाला पर्स घेऊन बाहेर पडायच्या आणि साडेपाचला परत यायच्या. मी चेष्टा करायचो, "काय ताई, ओव्हरटाइम का?" त्या हसायच्या. एकदा बायकोने त्यांना बसथांब्याच्या बाकावर बसलेलं पाहिलं. तीन बस गेल्या, त्या उठल्या नाहीत. संध्याकाळी तिने मला सांगितलं आणि म्हणाली, "एकदा चहाला बोलवू या त्यांना." बोलवू या म्हटलं आणि राहून गेलं. असं राहून जाण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही.

मग बाइंडर आला. संस्थेची रजिस्टरं वर्षानुवर्षं यानेच शिवली होती. जाड बोटं, नखांत डिंक, बोलायला भिडस्त. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तो राहत होता ती इमारत पाडायची होती आणि महिनाअखेर खोली सोडा अशी नोटीस त्याला आली होती. त्याने आमच्याकडे अर्ज केला होता. मी लिफ्टच्या दाराला तेल देत होतो, तेव्हा तो ताईंसमोर उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारत होता. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस. शेवटी ताईच म्हणाल्या, "खिशात जो कागद चुरगळताय तो दाखवा इकडे."

पहिल्या यादीत त्याचा नंबर बारावा होता. दुसऱ्या महिन्यात एकतिसावा. आता सत्तेचाळिसावा. मागून आलेली कुटुंबं पुढे गेली होती. खाली छापलं होतं "पुढील यादीत", आणि कारणाच्या रकान्यात काही नव्हतं.

"माझं काही चुकलं का ताई, अर्ज भरताना?" बाइंडरने विचारलं. "अक्षर खराब आहे माझं. पण टाइप करून दिला होता."

ताईंनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. चेहरा उतरला होता. "तुमचं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "कुटुंबात किती माणसं लिहिलीत?"

"एक. मीच."

त्यांनी मग त्याला आणखी एकच प्रश्न विचारला, की महिनाअखेरीला किती दिवस उरलेत. अकरा उरले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात गेलो. मला लिफ्टच्या तपासणीचे कागद द्यायचे होते म्हणून मी गेलो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ताईंनी विचारलं, "येता का जरा?" आणि त्यांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. नवीन साहेब वयाने लहान, बोलायला गोड. माणूस वाईट नव्हता. उठून उभा राहिला, ताईंना खुर्ची दिली.

"मॅडम, तुमच्याच कामावर तर आमचं सगळं उभं आहे," तो म्हणाला. "आम्ही पडताळून पाहिलं. शंभरातल्या चौऱ्याण्णव अर्जांत यंत्रणेचा निर्णय तुमच्या निर्णयाशी जुळतो."

"ती एकट्या माणसांना मागे ठेवते."

साहेबाने पडद्यावर काही उघडलं आणि बघत राहिला. मग जरा अवघडून म्हणाला, "मॅडम, ती नाही ठेवत. म्हणजे, तुम्हीच ठेवत होतात. तीनशेबारा एकटे अर्जदार. जवळजवळ प्रत्येक जण किमान एकदा मागे. कारण कुठेच नाही. यंत्रणेला यातून काय समजणार?"

"मी पुन्हा पुढे आणत होते. किल्ली देत होते सगळ्यांना."

"त्याची नोंद?"

"चाव्यांच्या रजिस्टरात."

इथेच घोडं पेंड खात होतं. चाव्यांची रजिस्टरं कोणी स्कॅन केलीच नव्हती. वाटप शिकवायचं तर अर्ज पुरे, चाव्यांचं काय, असं वर कोणीतरी ठरवलं होतं. वरचे लोक उंटावरून शेळ्या हाकतात, त्यांना चावी म्हणजे लोखंडाचा तुकडा. तेव्हा यंत्रणेने जे पाहिलं ते एवढंच, की एकटं माणूस येतं, मागे ढकललं जातं, पुन्हा मागे ढकललं जातं आणि मग यादीतून नाहीसं होतं. कंटाळून गेलं असेल, असं तिने धरलं. आणि ती इमानेइतबारे तेच करत होती, फक्त शेजार न शोधता.

मी आजवर ताईंना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्या रडल्या नाहीत. पण त्या टेबलाची कड धरून इतक्या हळू बोलायला लागल्या की साहेबाला पुढे वाकावं लागलं. "मला लाज वाटली हो लिहायची," त्या म्हणाल्या. "त्यांची लाज जाऊ नये म्हणून मी लिहिलं नाही. सव्वीस वर्षं." आपलेच दात आणि आपलेच ओठ. भांडायचं कोणाशी?

"या महिन्याच्या यादीत असे एकटे किती आहेत?" मीच विचारलं.

"चोवीस," साहेब म्हणाला.

ताईंनी पर्समधून ती छोटी वही काढली आणि आकडा लिहिला.

साहेबाने प्रयत्न केला, ते मान्य करायला हवं. यंत्रणेला पुन्हा शिकवायचं तर प्रस्ताव वर पाठवावा लागेल, सहा महिने तरी जातील, असं त्याने सांगितलं. हाताने यादी बदलायची सोय काढून टाकली होती, म्हणजे कोणी वशिला लावू नये. पण नियमांत एक कलम त्याला सापडलं. रिकाम्या खोलीच्या लगतचा भाडेकरू "जबाबदार शेजारी" म्हणून फॉर्म भरून देत असेल, तर एकट्या अर्जदाराला ती खोली लगेच मिळू शकते.

ताई खुर्चीतच ताठ झाल्या. "पस्तीस नंबर रिकामी आहे. मी चौतीसमध्ये राहते. द्या फॉर्म. मी रोज सकाळी दार वाजवीन त्यांचं."

मला इतका आनंद झाला की मी मागून "बघा!" असं मोठ्याने म्हणालो. साहेबानेही उत्साहाने ताईंचा खोली नंबर टाकला. पडद्यावर लाल पट्टी आली. त्याने पुन्हा टाकला. पुन्हा तीच.

"काय म्हणते?" ताईंनी विचारलं.

साहेबाने पडदाच आमच्याकडे वळवला. शेजारी अपात्र. कुटुंबातील माणसे, एक.

"हा नियम कोणी घातला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मॅडमच्या टिपणावरून आहे," साहेब म्हणाला. निवृत्त होताना ताईंनी पुढच्या माणसासाठी एक पानभर सूचना लिहून ठेवल्या होत्या. त्यातली पहिलीच, एकट्याशेजारी एकटा देऊ नये. सव्वीस वर्षांत त्यांनी कारणासारखं काही कागदावर लिहिलं असेल तर ते हेच वाक्य, आणि यंत्रणेने नेमकं ते शब्दशः उचललं होतं.

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "नियम बरोबरच आहे. दोन एकटे... नाही, बरोबर आहे." त्या पर्सचा बंद गुंडाळायला लागल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मेकॅनिक, पस्तीसच्या दुसऱ्या अंगाला तुम्ही."

मी फॉर्म भरला. छत्तीस नंबर, कुटुंबातील माणसे पाच. हिरवी पट्टी आली, दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. यंत्रणा फॉर्म भरणाऱ्या शेजाऱ्याचीच माणसं मोजत होती, पलीकडच्या अंगाची नाही. बाइंडरला खोली मिळाली. साहेबाने माझा हात हातात घेऊन हलवला.

खरं सांगायचं तर मला तोंड लपवावंसं वाटलं. एकोणीस वर्षं मी ताईंच्या मजल्यावर राहतोय आणि त्यांचं दार मी आजवर एकदाही वाजवलेलं नाही. मागच्या वर्षी त्या आठवडाभर तापाने पडून होत्या, ते मला त्या बऱ्या होऊन लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा कळलं. आमच्या घरात पाच माणसं आहेत आणि पाचही जणांना शेजारच्या घराचा पत्ता नसतो. पण यंत्रणेच्या लेखी मी जबाबदार, आणि आठ इमारतींचा शेजार तोंडपाठ असलेली बाई अपात्र. हे मी ताईंना परत येताना सांगितलं, अगदी या शब्दांत नाही, पण सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू द्या हो. काम झालं ना?"

महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी बाइंडर आला. सामान फार नव्हतं, एक लोखंडी प्रेस तेवढी जड होती आणि ती माझ्या लिफ्टने रडतखडत वर नेली. सकाळी त्याचं दार कागदावर मी वाजवतो. प्रत्यक्षात माझा हात पोचायच्या आत ताई वाजवून गेलेल्या असतात. बाइंडर आतून "आहे, आहे!" असं ओरडतो, ते मला माझ्या घरात ऐकू येतं.

उरलेल्या तेवीस जणांसाठी ताई आता दारोदार फिरतात. बसथांब्यावर जात नाहीत. सकाळी दहाला निघतात, हातात कोऱ्या फॉर्मांची फाइल. शेजारची खोली पुढेमागे रिकामी झाली तर आम्ही एकट्या माणसाची जबाबदारी घेऊ, एवढ्यावर सही हवी असते. कोणी करतं, कोणी उद्या या म्हणतं, कोणी दाराची साखळी न काढताच नको म्हणतं. ज्यांनी कधी खिडकीवर शिव्या घातल्या होत्या तेही भेटतात. आतापर्यंत नऊ सह्या झाल्या. चाव्यांच्या रजिस्टरांवरून त्या एकेका जुन्या अर्जाचं कारणही लिहून काढतात आणि दर शुक्रवारी साहेबाकडे नेऊन देतात. तीनशेबारांपैकी चाळीसेक झाली असतील. प्रस्ताव वर गेलाय, वरून उत्तर नाही.

परवा त्या आमच्याकडे आल्या होत्या. आमच्या दुसऱ्या अंगाची सदतीस नंबर पुढच्या महिन्यात रिकामी होतेय, म्हणून आणखी एक फॉर्म. बायकोने त्यांना बसवलं, चहा दिला. एकोणीस वर्षांतला पहिला. मी सही केली. बायकोने फॉर्म हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला, तिला सगळं वाचायची सवय आहे.

"ताई," ती म्हणाली, "हा तुमच्यासाठी कोणी भरला?"

"मला कशाला?" ताई म्हणाल्या. "मला खोली आहे की."

मग त्यांनी कप बशीत ठेवला, फॉर्म फाइलीत घातला, आमच्या दोघांचे आभार मानले आणि पुढच्या दाराकडे गेल्या.